पॅरिसचा पाहुणा : पेठ आणि पंगत

परक्या शहरात उतरलेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी दोन प्रश्न उभे राहतात. जेवावयाचे कोठे, हा पहिला. आणि एखादी वस्तू घेतलीच तर तिचे दाम किती मोजावयाचे, हा दुसरा. गावच्या माणसाला हे प्रश्न पडत नाहीत. त्याचे घर असते, आप्त असतात, ओळखीचा वाणी असतो आणि पिढीजात कापडवाला असतो. पाहुण्याजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्याजवळ असते ती पैशाची थैली आणि आपण फसविले तर जाणार नाही ना, ही धास्ती. ही धास्ती कमी करण्याची कला युरोपातील ज्या शहराने सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर साधली, ते शहर म्हणजे पॅरिस. भोजनगृह आणि सर्ववस्तुभांडार या दोन संस्था आज जगातील बहुतेक शहरांत दिसतात. त्यांना आजचे रूप आले ते मुख्यतः या शहरात, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसावे शतक या सुमारे दीडशे वर्षांच्या काळात. हे रूप कसे आले, आणि पाहुण्याच्या या सोयीची किंमत अखेर कोणी दिली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इ. स. १७६० च्या सुमारास पॅरिसला आलेल्या प्रवाशाची जेवणाची सोय फारशी चांगली नव्हती. शहरात उत्तम स्वयंपाक होत नव्हता असे नाही. पण तो होत असे सरदारांच्या वाड्यांत आणि सावकारांच्या घरी, आणि तेथे शिरकाव व्हावयाचा तर ओळखपत्र हवे. ज्याच्याजवळ ते नसे, त्याला उतारशाळेतील सामाईक टेबलाचा आश्रय घ्यावा लागे. या टेबलाची तऱ्हा आपल्याकडील जुन्या खानावळीच्या पंगतीसारखी होती. वेळ ठरलेली, पदार्थ ठरलेले आणि दरही ठरलेला. पानावर जे येईल ते मुकाट्याने खावयाचे. भेद इतकाच की, तेथे सर्व पदार्थ मोठ्या थाळ्यांतून मध्यभागी मांडले जात आणि ज्याचा हात चपळ, त्याची चंगळ होई. रोजचे जेवणारे चांगले तुकडे आधी उचलीत आणि भिडस्त परका मनुष्य उरलेल्या रश्श्यावर समाधान मानी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास त्या देशात हिंडलेला इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग याने अशा सामाईक टेबलांवरील अबोल्याबद्दल तक्रार केली आहे. इतकी माणसे एकत्र जेवतात, पण कोणी कोणाशी बोलत नाही, याचे त्याला नवल वाटले.

तयार अन्न विकणारे दुकानदार शहरात होते. पण त्यांच्या निरनिराळ्या श्रेणी होत्या आणि प्रत्येक श्रेणीचे हक्क कायद्याने बांधलेले होते. भाजलेले मांस एकाने विकावयाचे, मांस घातलेल्या पेस्ट्र्या दुसऱ्याने, तर रस्सेदार पदार्थ आणि मेजवानीचा सरंजाम तिसऱ्याने. त्यातही पदार्थ बहुधा अख्खाच घ्यावा लागे. एकट्या प्रवाशाने सबंध मांडी किंवा सबंध कोंबडा घेऊन करावयाचे काय? ब्रिया-साव्हारँ या न्यायाधीशाने भोजनशास्त्रावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या अडचणीचे मोठे मार्मिक वर्णन केले आहे. त्याचा ग्रंथ १८२५ च्या डिसेंबरात बाहेर पडला. ज्याला कोणा श्रीमंताच्या घरचे आमंत्रण नाही, असा परका मनुष्य पॅरिसच्या पाककलेची चव न घेताच परत जाई, असे त्याने नमूद केले आहे.

या परिस्थितीत बदल झाला तो एका काढ्यामुळे. फ्रेंच भाषेत ‘रेस्तोराँ’ हा शब्द प्रथम जागेचा वाचक नव्हता. शक्ती परत आणणारा, अशक्त माणसाला तरतरी देणारा मांसाचा आटवलेला रस, असा त्याचा अर्थ होता. १७६६ साली मातुराँ रोझ द शांत्वाझो नावाच्या एका कल्पक गृहस्थाने हा रस विकण्यासाठी पॅरिसमध्ये एक दालन उघडले. हा गृहस्थ व्यवसायाने आचारी नव्हता. व्यापारी आणि कारागीर यांचे पत्ते देणारी निर्देशिका छापणे, राष्ट्रीय कर्ज फेडण्याच्या योजना मांडणे, असे त्याचे नाना उद्योग चालत. ज्यांची प्रकृती नाजूक आहे आणि ज्यांना रात्रीचे भरपेट जेवण सोसत नाही, अशांसाठी आपले दालन आहे, अशी त्याची भूमिका होती. याच्याही आधी, १७६५ साली, बुलांजे नावाच्या दुकानदाराने मेंढीचे पाय पांढऱ्या रश्श्यात घालून विकले, त्यावरून मेजवानीवाल्यांच्या श्रेणीने त्याच्यावर खटला भरला आणि तो खटला त्याने जिंकला, अशी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांतून सांगितली जाते. गोष्ट चटकदार आहे. पण अलीकडील संशोधकांनी दप्तरे धुंडाळली तेव्हा अशा खटल्याचा मागमूस त्यांना लागला नाही.

काढा हे निमित्त झाले. खरे नावीन्य होते ते तो देण्याच्या पद्धतीत. आजारी माणसाला भूक केव्हा लागेल याचा नेम नसतो, म्हणून या दालनात कोणत्याही वेळी जाता येई. एकाची प्रकृती दुसऱ्यासारखी नसते, म्हणून प्रत्येकाला त्याच्या आवडीचा पदार्थ वेगळा मिळे. आजाऱ्याला गर्दीचा त्रास होतो, म्हणून प्रत्येकासाठी वेगळे लहान टेबल असे. आणि प्रत्येक जण वेगळे खाणार, म्हणून प्रत्येक पदार्थाची किंमतही वेगळी लावावी लागे. पाहता पाहता काढ्याबरोबर अंडी, कोंबडी, मुरंबे आणि मद्य ही येऊ लागली. धडधाकट माणसेही ‘प्रकृतीसाठी’ तेथे जाऊ लागली, आणि औषधाचे नाव जेवणाच्या जागेला कायमचे चिकटले.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ परक्या माणसाला झाला. सामाईक टेबलावर तो उपरा होता. येथे तो आपल्या टेबलाचा धनी झाला. छापील पत्रकावर पदार्थांची नावे आणि त्यांच्यापुढे किंमती असल्यामुळे बसण्यापूर्वीच आपल्या थैलीचा अंदाज घेणे त्याला शक्य झाले. १७८० नंतरच्या दशकात आंत्वान बोव्हिलिये याने थाटलेले भोजनगृह या नव्या पद्धतीचा मुकुटमणी होते. राजबंधूच्या पदरी पूर्वी तो चाकरीस होता. शोभिवंत दालन, तरतरीत वाढपी, निवडक मद्याचे तळघर आणि उत्तम स्वयंपाक ही चारही अंगे एकत्र आणणारा तो पहिला, असा मान ब्रिया-साव्हारँने त्याला दिला आहे. वीस वर्षांपूर्वी एकदा-दोनदा जेवून गेलेल्या माणसालाही बोव्हिलिये ओळखत असे. एखाद्या धनिकाची मंडळी येऊन बसली की तो अगत्याने जवळ जाई. हा पदार्थ आज नको, तो मात्र अवश्य घ्या, असा सल्ला देई, आणि ज्या तळघराची किल्ली केवळ त्याच्याजवळ असे तेथून मद्य मागवी. एवढे झाले की स्वारी अंतर्धान पावे. पुढे बिलाचा आकडा पाहून जेवणाऱ्याला कळून चुके की, त्या अगत्याचेही दाम लागले आहेत. दरपत्रक आले म्हणून पाहुण्याची सर्व अडचण संपली असे मात्र नाही. फ्रान्समध्ये पैसे देण्याच्या या कडू क्षणाला ‘राबलेचा पाव तास’ असे नाव आहे, ते उगीच नव्हे.

१७८९ साली राज्यक्रांती झाली. सरदार देशोधडीला लागले, त्यांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनी भोजनगृहे काढली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यात काही सत्य आहे, पण ते सर्व सत्य नव्हे. भोजनगृह क्रांतीपूर्वी वीस-बावीस वर्षे अस्तित्वात आले होते. क्रांतीने त्याला तीन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे कसबी आचारी. दुसरी म्हणजे गिऱ्हाईक. कारण राष्ट्रसभेचे शेकडो प्रतिनिधी प्रांताप्रांतांतून राजधानीत आले. त्यांची घरे तेथे नव्हती आणि त्यांना जेवावयाचे तर होतेच. तिसरी गोष्ट म्हणजे मोकळीक. १७९१ साली व्यवसायश्रेणींचे मक्ते कायद्याने रद्द झाले आणि कोणता पदार्थ कोणी विकावा हे बंधन उरले नाही.

या सर्व घडामोडींचे केंद्र होते पाले-रोयाल. राजघराण्याच्या ऑर्लेआं शाखेच्या वारसाने, कर्जातून बाहेर पडण्यासाठी, आपल्या राजवाड्याच्या बागेभोवती कमानींच्या ओळी उठवून त्याखालील गाळे भाड्याने दिले. हे काम १७८४ च्या सुमारास पूर्ण झाले. राजाने आपल्या या दुकानदार बनलेल्या नातलगाची थट्टा केली असे सांगतात. पण गाळे भराभर गेले. जवाहिरे, घड्याळजी, पुस्तकविक्रेते, चाकूसुऱ्यांचे व्यापारी, कॉफीगृहे, भोजनगृहे, जुगाराचे अड्डे आणि गणिकांची वस्ती हे सारे एका छपराखाली नांदू लागले. पॅरिसचे रस्ते त्या काळी चिखलाने भरलेले असत आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट बहुधा नसे. येथे मात्र पाऊस असो, ऊन असो, पाय न भिजवता दुकाने पाहत हिंडता येई. काही विकत न घेता नुसते पाहत हिंडणे हा छंद पाहुण्यांना लागला तो या कमानींखाली.

पण ज्या जागेत परक्यांना मोकळीक असते, तेथे इतिहासही न बोलावता येऊन बसतो. १२ जुलै १७८९ रोजी येथील एका कॉफीगृहाबाहेर कामिय देमुलँ याने लोकांना चेतविले आणि दोनच दिवसांनी बास्तीय पडला. २० जानेवारी १७९३ रोजी, राजाच्या शिरच्छेदाच्या आदल्या संध्याकाळी, राजाच्या देहान्त शिक्षेला अनुकूल मत दिलेला प्रतिनिधी लपेलेतिये येथील एका भोजनगृहात जेवावयास आला असता राजाच्या एका माजी शरीररक्षकाने त्याला भोसकले. त्याच वर्षीच्या १३ जुलैला नॉर्मंडीहून आलेली शार्लोत कोर्दे नावाची तरुणी सकाळी या कमानींत आली आणि तिने एका दुकानातून स्वयंपाकघरातील सुरी विकत घेतली. संध्याकाळी त्याच सुरीने तिने मारा याचा वध केला. दुकानदाराने तिला नाव विचारले नाही. ती शहरात नवखी होती, तिच्याजवळ पैसे होते आणि सुरी विक्रीला मांडलेली होती.

१८०२ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात आमियाँचा तह झाला. तो वर्षभरच टिकला. पण तेवढ्यात इंग्रज प्रवाशांचे लोंढे पॅरिसला येऊन गेले. त्यांच्यापैकी फ्रान्सिस ब्लॅग्डन याने आपल्या पुस्तकात बोव्हिलियेच्या भोजनगृहातील पदार्थांचे पत्रक सविस्तर दिले आहे. ते पत्रक इंग्रजी वृत्तपत्राएवढे लांबरुंद होते आणि ते वाचून काढण्यासच बराच वेळ लागे. इंग्रजांना आणखी एका गोष्टीचे आश्चर्य वाटे. सभ्य घरच्या स्त्रिया येथे चारचौघांत, परपुरुषांच्या देखत भोजन करीत. लंडनमध्ये त्या काळी हे सहज दिसणारे दृश्य नव्हते.

याच सुमारास, १८०३ पासून, ग्रिमो द ला रेनिएर या विक्षिप्त रसिकाने ‘खवय्यांचे पंचांग’ काढावयास सुरुवात केली. १८१२ पर्यंत त्याचे आठ भाग निघाले. पॅरिसच्या रस्त्यारस्त्यांतून वाचकाला हिंडवीत, कोणत्या दुकानात काय चांगले मिळते हे तो सांगे. त्याने परीक्षकांचे एक मंडळही बसविले होते. दुकानदार आपापले पदार्थ नमुन्यादाखल त्याच्याकडे पाठवीत, मंडळ ते खाऊन निकाल देई आणि निकाल पंचांगात छापला जाई. फुकटचे खाऊन अभिप्राय देणारा हा गृहस्थ कितपत निःस्पृह होता, अशी शंका तेव्हाही लोकांनी घेतली होती. तथापि एक गोष्ट खरी की, ज्याला शहरात कोणी ओळखीचे नाही, त्याला छापील सल्लागार मिळाला. पुढे १९०० साली मिशलँ या टायर बनविणाऱ्या कंपनीने मोटारवाल्यांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक काढले आणि १९२६ पासून भोजनगृहांना तारांकित करण्यास प्रारंभ केला, त्याचे मूळ ग्रिमोच्या पंचांगापर्यंत नेऊन भिडवता येईल.

१८१४ आणि १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाला आणि पॅरिसमध्ये वेगळ्याच पाहुण्यांचा तळ पडला. रशियन, प्रशियन, ऑस्ट्रियन आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या गाड्या बोव्हिलियेच्या दारात आणि पाले-रोयालमधील व्हेरीच्या भोजनगृहापुढे उभ्या राहू लागल्या. बोव्हिलियेने त्यांच्या सर्वांच्या भाषा धंद्यापुरत्या आत्मसात केल्या. १८१५ च्या तहाने फ्रान्सवर सत्तर कोटी फ्रँकची खंडणी लादली होती. ब्रिया-साव्हारँचा दावा असा की, हा पैसा विजेत्यांच्या पोटाच्या वाटेने पुन्हा फ्रान्सच्या खजिन्यात आला. हे अर्थशास्त्र थोडे बेताचेच म्हणावयाचे. पण पाहुण्याचे जेवण हे राष्ट्रीय उत्पन्नाचे साधन होऊ शकते, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. याच काळाविषयी आणखी एक आख्यायिका आहे. घाईतले रशियन शिपाई ‘लवकर, लवकर’ या अर्थाचा ‘बिस्त्रो’ हा शब्द ओरडत, म्हणून लहान भोजनगृहाला ‘बिस्त्रो’ म्हणू लागले, असे सांगतात. वस्तुतः फ्रेंच लेखनात हा शब्द १८८० नंतरच्या दशकात आढळू लागतो. मधली सत्तर वर्षे तो कोठे दडला होता याचे उत्तर या आख्यायिकेजवळ नाही.

जेवणाचा प्रश्न असा पुष्कळ अंशी सुटला. खरेदीचा प्रश्न मात्र आणखी काही काळ तसाच राहिला. कारण दुकानातील वस्तूंवर किंमत लिहिलेली नसे. उंबरठा ओलांडला की काही तरी घेणे हे जणू बंधनच असे. दुकानदार गिऱ्हाइकाचा पोशाख पाही, बोलण्याची ढब ऐके आणि मगच भाव सांगे. ही घासाघीस भारतीय बाजारात मुरलेल्या माणसास नवी नाही. पण घासाघिशीत दोन्ही पक्ष सारखे जाणते असावे लागतात. गावच्या गृहिणीला कालचा भाव ठाऊक असतो. प्रवाशाला ना भाव ठाऊक, ना भाषा. १८०० च्या सुमारास उघडलेला ‘पासाज दे पानोरामा’, १८२६ ची ‘गालरी व्हिव्हिएन’ अशा काचेच्या छताखालच्या बोळांनी दुकाने आकर्षक झाली. १८३६ अखेर जुगाराचे अड्डे कायद्याने बंद झाल्यावर पाले-रोयालची रया गेली आणि गिऱ्हाईक या बोळांकडे व रुंद रस्त्यांकडे वळले. तथापि काचेमागची वस्तू कितीही स्वच्छ दिसली, तरी तिची किंमत बहुधा दुकानदाराच्या मनातच राही.

काही कापडव्यापाऱ्यांनी १८२० ते १८४० च्या दरम्यान वस्तूंवर ठरीव किंमतीच्या चिठ्ठ्या लावावयास आरंभ केला होता. अशाच एका दुकानात आरिस्तीद बूसिको हा नॉर्मंडीकडील टोपीवाल्याचा मुलगा गुमास्ता म्हणून वाढला. १८५२ साली सीन नदीच्या डाव्या तीरावरील ‘बाँ मार्शे’ नावाच्या बेताच्या दुकानात तो भागीदार झाला. ‘बाँ मार्शे’ म्हणजे स्वस्त. १८६३ साली त्याने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. तोवर दुकानाची वार्षिक विक्री साडेचार लाख फ्रँकवरून सत्तर लाखांवर गेली होती. १८७७ साली तो वारला तेव्हा ती सात कोटींच्या पुढे होती. या यशाची सूत्रे बूसिकोने नव्याने शोधली नव्हती. पण ती त्याने एकत्र गुंफली आणि निष्ठेने पाळली. नफा थोडा घ्यावयाचा आणि माल झपाट्याने खपवावयाचा. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहावयाची आणि ती राजालाही तीच आणि रंकालाही तीच. ज्याला यावयाचे त्याने मोकळेपणी यावे, काही न घेता जावे. घेतलेली वस्तू पसंत पडली नाही तर परत करावी. १८६९ साली त्याने आणि त्याची पत्नी मार्गरित हिने नव्या भव्य इमारतीचा पाया घातला. लोखंड आणि काच यांनी उभारलेल्या या वास्तूत वाचनदालन होते, चित्रांचे प्रदर्शन होते आणि परभाषिक गिऱ्हाइकांसाठी दुभाषे होते. ही इमारत पाहणे हाच प्रवाशांच्या कार्यक्रमाचा एक भाग होऊन बसला.

प्रवाशांची संख्याही आता पूर्वीची राहिली नव्हती. रेल्वे आली होती आणि तिच्याबरोबर जागतिक प्रदर्शनेही. १८५५ च्या प्रदर्शनाला पन्नास लाखांवर, १८६७ च्या प्रदर्शनाला एक कोटीवर, १८८९ साली, म्हणजे आयफेल मनोऱ्याच्या वर्षी, तीन कोटींवर आणि १९०० साली सुमारे पाच कोटी प्रवेशांची नोंद झाली. १८५५ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या ‘लूव्हर’ हॉटेलच्या तळमजल्यावरच एक मोठे वस्तुभांडार उघडले. पाहुण्याने जिना उतरावयाचा की तो दुकानात. एवढ्या गर्दीतील सगळेच काही श्रीमंत नव्हते. त्यांच्यासाठी दुव्हाल नावाच्या खाटकाने स्वस्त भोजनगृहांची मालिका काढली. मांसाचा कमी प्रतीचा भाग वाया जाऊ नये म्हणून तो रस करून विके, आणि अशा रीतीने शंभर वर्षांनी तो जुना काढा पुन्हा टेबलावर आला. दारातच प्रत्येकाच्या हातात किंमती छापलेले कार्ड देत. जे घेतले त्यापुढे खूण होई आणि निघताना कार्ड दाखवून हिशेब चुकता करावयाचा. वाढावयास स्वच्छ पोशाखातील स्त्रिया असत. एकट्यादुकट्या स्त्रीने निर्धास्त जावे अशी ही जागा आहे, असा निर्वाळा बेडेकरसारखी प्रवासी मार्गदर्शके देत असत.

ज्याला शहरात कोणी ओळखत नाही, त्याला आता ओळखीची गरज उरली नाही. किंमत लिहिलेली होती आणि ती सर्वांना सारखी होती. परक्या माणसाची मानहानी यामुळे टळली, हे या संस्थांचे पुण्य मानले पाहिजे. परंतु या पुण्याचा खर्च कोणाच्या खाती पडला, हेही पाहणे अवश्य आहे.

पहिला भार पडला तो आजूबाजूच्या छोट्या दुकानदारांवर. एकाच छपराखाली हातमोज्यांपासून सतरंज्यांपर्यंत सर्व काही कमी नफ्यात मिळू लागल्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली छत्रीवाल्यांची, फीतवाल्यांची, रेशीमवाल्यांची दुकाने बसली. एमिल झोला याने १८८२ साली अशा भांडारांत स्वतः जाऊन टिपणे काढली आणि पुढच्याच वर्षी या विषयावर कादंबरी प्रसिद्ध केली. दुसरा भार पडला तो नोकरांवर. १८८७ च्या सुमारास बाँ मार्शेत तीन हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. अविवाहित मुलींना इमारतीच्या माळ्यावरील लहान खोल्यांत ठेवीत. किरकोळ चुकीसाठी दंड होई आणि मालकाच्या मनात आले की नोकरी जाई. उत्पन्नाचा मोठा भाग विक्रीवरील अडतीवर अवलंबून असे, म्हणून दिवसभर पायांवर उभे राहून हसतमुख असणे प्राप्तच होते. बूसिको दांपत्याने १८७६ मध्ये नोकरांसाठी निर्वाहनिधी काढला आणि मार्गरितने मृत्युपत्राने आपल्या संपत्तीचा मोठा वाटा लोकोपयोगी कार्याला दिला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण आठवड्याची सुटी मिळावी यासाठी फ्रान्समधील दुकाननोकरांना झगडावे लागले, आणि तसा कायदा झाला तो १९०६ साली.

तिसरा भार पडला तो थेट हिंदुस्थानात. नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीनंतर, म्हणजे १८०० च्या सुमारापासून, काश्मिरी शालीचे वेड पॅरिसला लागले होते. जी शालजोडी पुण्याच्या दरबारात सन्मानचिन्ह म्हणून खांद्यावर पडे, तीच पॅरिसमध्ये लग्नाच्या रुखवतातील मानाची वस्तू झाली. तेथील व्यापाऱ्यांचे हस्तक श्रीनगरला जाऊन माल ठरवीत आणि पॅरिसला काय रुचेल त्याप्रमाणे नमुने बदलून घेत. त्याच वेळी फ्रान्समधील जाकारच्या मागावर कोयरीच्या नक्षीची नक्कल विणून ती स्वस्तात विकली जाई. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. त्या सप्टेंबरपासून पुढल्या जानेवारीच्या अखेरीपर्यंत पॅरिसला वेढा पडला. पाहुणे नाहीसे झाले, भोजनगृहांत घोड्याचे मांस राजरोस वाढले जाऊ लागले आणि प्राणिसंग्रहालयातील कॅस्टर व पोलक्स हे दोन हत्तीही डिसेंबरअखेर मारून विकले गेले. युद्ध संपल्यावर पॅरिस सावरले. त्याची दुकाने पुन्हा उजळली. पण स्त्रियांच्या पोशाखाची तऱ्हा पालटली होती आणि शाल तीत बसत नव्हती. पॅरिसच्या एका ऋतूत जी वस्तू जुनी ठरली, तिच्यावर काश्मीरमधील हजारो विणकरांची पोटे होती. शालीची मागणी ढासळली, आणि १८७७ ते १८७९ च्या भीषण दुष्काळाने त्यांच्यातील पुष्कळांचा बळी घेतला. ज्या दुकानात किंमत सर्वांसाठी सारखी होती, तेथे माल विणणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याची चिठ्ठी मात्र कोठे लावलेली नव्हती.

बाँ मार्शेच्या धर्तीची भांडारे पुढे जगभर निघाली. मुंबईत काळ्या घोड्याजवळ ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ ही इंग्रजांसाठी होती. ‘एकच भाव’ ही पाटी हळूहळू देशी दुकानांतही दिसू लागली. खानावळीतील ठरीव ताटाशेजारी, भिंतीवरील फळ्यावर पदार्थ आणि दर लिहिणारी उपाहारगृहे आली. त्या फळ्याचा आणि पॅरिसच्या छापील पत्रकाचा सांधा लोकांच्या लक्षात राहिला नाही, इतके ते अंगवळणी पडले.

पॅरिसमध्ये या संस्था आजही चालू आहेत. बाँ मार्शेची इमारत उभी आहे, मात्र तिचे नाव ‘स्वस्त’ असले तरी आतील माल आता स्वस्त नाही. १९८७ पासून फ्रान्समध्ये पत्रकावरील दरातच सेवेचे मूल्य धरलेले असावे असा नियम आहे. वर ठेवावयाची ती केवळ खुशीची बक्षिशी. भोजनगृहाचे पत्रक दाराबाहेर लावलेले असते. त्यामुळे शहरात नुकताच उतरलेला, भाषा न जाणणारा प्रवासी संध्याकाळी त्या दारापुढे थांबतो, बोट फिरवीत आकडे वाचतो आणि खिशातील पैसे मोजून आत शिरावे की पुढे जावे हे स्वतः ठरवितो. आत शिरला तर त्याला त्याचे टेबल मिळते. पुढे गेला तरी त्याला कोणी काही म्हणत नाही.